मध्यरात्रीची मॅच, कानातला आवाज

प्रश्न : चॅम्पियन्स लीगच्या मॅचेस आपल्याकडं रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात. आमच्या घरात टीव्हीच्या खोलीतच आजी झोपते आणि आवाज बंद करून फुटबॉल बघण्यात काही दम नाही. ब्लूटूथ हेडफोन जोडून बघितला, तर किक बसल्यावर आवाज मागून येतो. असं का होतं? दुसरा काही मार्ग आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : मार्ग आहे, आणि तो बहुधा तुमच्या ब्लूटूथ हेडफोनपेक्षा स्वस्त आहे. पण आधी उशिराचं बघू.

ब्लूटूथवरून आवाज जसाच्या तसा जात नाही. टीव्ही तो दाबून लहान करतो आणि तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. वाटेत एखादा तुकडा हरवला तरी आवाज तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून ठेवतो, मग उलगडून वाजवतो. यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात आणि चित्र तेवढ्यात पुढं गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागं पडला की प्रेक्षकाला फरक कळू लागतो. आवाज पुढं गेला तर मात्र ४५ मिलिसेकंदांतच कळतो.

आता शाहू स्टेडियमवर चला. पाटाकडील-दिलबहारची मॅच आहे, तुम्ही बसलाय तिथून ७० मीटरवर किक बसली. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे तो तुमच्यापर्यंत यायला २०० मिलिसेकंद लागले. ब्लूटूथइतकाच उशीर! तिथं कुणी कुरकुरत नाही, कारण खेळाडू लांब दिसतो. टीव्हीवर कॅमेरा त्याला नाकासमोर आणून ठेवतो, म्हणून खटकतं. तरी फुटबॉल एकवेळ निभावतो. सिनेमात ओठ आणि संवाद असे फाटले की बघवत नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागं-पुढं करायची सोय असते, पण बहुतेक टीव्ही आवाज आणखी उशिरा सोडू शकतात, लवकर नाही. तुमच्या कामाची नाही ती.

त्यामुळं माझं मत वायरच्या बाजूनं. टीव्हीच्या मागं किंवा बाजूला हेडफोनचं चिन्ह असलेलं ३.५ मिमीचं गोल छिद्र असेल तर पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर आणा, काम झालं. पिन घातली की टीव्हीचा स्पीकर सहसा आपोआप बंद होतो; नाही झाला तर सेटिंगमध्ये बंद करा.

नव्या टीव्हींना हे छिद्र बरेचदा नसतं. तिथं ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं चौकोनी भोक शोधा, आत लाल उजेड दिसतो. त्याला हेडफोन थेट लागत नाही, मध्ये ‘डॅक’ नावाची छोटी डबी लागते. हेडफोनची जागा आणि आवाजाचं बटण असलेलीच डबी घ्या, कारण या वाटेनं येणारा आवाज टीव्हीच्या रिमोटनं बहुधा कमी-जास्त होत नाही. आणि टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवा. ते डॉल्बीवर राहिलं तर साध्या डबीला काही कळत नाही, आणि माणूस डबीच खराब म्हणून परत करून येतो.

सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांतूनही आवाज काढता येतो, पण मॅच टीव्हीतल्या अॅपवर लागली असेल तर तो आवाज बॉक्समधून जातच नाही.

वायर पायात येणारच असेल, तर टीव्हीसाठी मिळणारा ट्रान्समीटरवाला बिनतारी हेडफोन बघा. त्याचा ट्रान्समीटर याच छिद्रांना जोडतात आणि उशीर नेहमीच्या ब्लूटूथपेक्षा बराच कमी असतो.

आवाजाचं एवढं सांभाळा : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्यानं घटतात.

दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढा आणि तो दाखवूनच वस्तू मागा. नुसतं ‘टीव्हीला हेडफोन लावायचाय’ म्हणालात, तर पुन्हा ब्लूटूथच हातात पडेल.