सांगकाम्या संगणक

सांगितले तेवढेच करणारा आणि स्वतःची बुद्धी कधीही न चालविणारा जो मनुष्य, त्यास मराठीत ‘सांगकाम्या’ म्हणतात. हे विशेषण कोणाही मनुष्यास भूषणावह वाटत नाही. परंतु यंत्राचा तो स्वभावच होय. संगणकाचा हा स्वभाव ‘एमएस-डॉस’ या जुन्या कार्यप्रणालीत फार स्पष्टपणे दिसून येई.

संगणकाचे सर्व भाग चालविणारी व मनुष्याच्या आज्ञा त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी जी आज्ञावली, तिला कार्यप्रणाली असे म्हणतात. अमेरिकेतील सिएटल शहरी टिम पॅटरसन नावाच्या तरुण अभियंत्याने 1980 साली अशी एक लहानशी कार्यप्रणाली लिहिली. पुढील वर्षी मायक्रोसॉफ्ट या कंपनीने ती विकत घेतली. 1981 च्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच्यासाठी हीच प्रणाली पुरविण्यात आली आणि थोड्याच वर्षांत ती जगभर पसरली.

त्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर चित्रे नसत. ‘ए’ किंवा ‘सी’ असे एखादे रोमन अक्षर, त्यापुढे बाणाच्या टोकासारखी एक खूण आणि शेजारी लुकलुकणारी एक लहान रेघ, एवढेच काय ते दिसे. ‘ए’ म्हणजे काढता-घालता येणारी फ्लॉपी आणि ‘सी’ म्हणजे संगणकाच्या आत बसविलेली हार्ड डिस्क. आज्ञा कळफलकावर टंकावयाची आणि ‘एंटर’ ही कळ दाबावयाची, अशी रीत होती. ‘डीआयआर’ ही तीन अक्षरे टंकताच फाइलींची यादी दिसे. ‘कॉपी’ने फाइलीची प्रत निघे, ‘रेन’ने तिचे नाव बदले आणि ‘डेल’ने ती पुसली जाई. फाइलीचे नाव अधिकात अधिक आठ अक्षरांचे असे. त्यापुढे एक टिंब व फाइलीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे लिहिता येत.

आज्ञेत एखादे अक्षर चुकले, तर आज्ञा किंवा फाइलीचे नाव बरोबर नाही, असा निरोप पडद्यावर उमटे. ही चूक निरुपद्रवी होती. कारण न समजलेली आज्ञा यंत्र पाळीतच नसे. खरा धोका असे तो बिनचूक लिहिलेल्या, परंतु विचार न करता दिलेल्या आज्ञेत.

समजा, एका शिक्षकांनी वार्षिक परीक्षेचे गुण दिवसभर बसून हार्ड डिस्कवरील फाइलीत भरले. त्याच नावाची मागील आठवड्यातील अपुरी फाइल फ्लॉपीवर आहे. नव्या फाइलीची प्रत फ्लॉपीवर घ्यावी, असा त्यांचा हेतू आहे. ‘कॉपी’ या आज्ञेत प्रथम मूळ फाइल सांगावयाची आणि नंतर प्रत ठेवण्याची जागा. हा क्रम उलटा झाला, तर फ्लॉपीवरील अपुरी फाइल दिवसभराच्या श्रमांवर जाऊन बसेल! “जुने नव्यावर लिहू काय?” असे संगणक विचारीत नसे. तसा प्रश्न विचारण्याची सोय 1993 च्या 6.2 या आवृत्तीत आली.

पुसलेल्या फाइलीची गोष्ट थोडी निराळी होती. ‘डेल’ ही आज्ञा मिळाल्यावर संगणक फाइलीतील मजकूर खरोखर खोडीत नसे. यादीतील तिच्या नावाचे केवळ पहिले अक्षर काढून तेथे तो एक विशिष्ट खूण करी आणि तिची जागा रिकामी झाल्याची नोंद घेई. एखाद्या ग्रंथपालाने नोंदवहीतील नाव खोडावे, परंतु पुस्तक फळीवरच राहू द्यावे, तसाच हा प्रकार. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच राही.

1991 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ नावाची आज्ञा होती. ती दिली असता पुसलेल्या फाइलीचे नाव पडद्यावर येई. पण पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह असे. पुसण्याची वेगळी नोंद ठेवलेली नसेल, तर ते अक्षर संगणकास ठाऊक नसे. ते तो मनुष्यालाच विचारी! अक्षर सांगितले आणि जागा अद्याप मोकळी असली, तर फाइल बहुधा परत मिळे. म्हणून चुकून फाइल पुसली गेली, की जाणती माणसे प्रथम हात थांबवीत आणि त्या डिस्कवर नवे काहीही लिहीत नसत.

त्यांची आणखी एक सवय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज्ञेतील तारकाचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही नाव’ असा होई. त्यामुळे एका ओळीत शेकडो फाइली पुसता येत. अशी आज्ञा देण्यापूर्वी तीच खूण ‘डीआयआर’पुढे लिहून कोणकोणत्या फाइली त्यात सापडतात, ते ती माणसे डोळ्यांनी पाहून घेत. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत ती निराळ्या फ्लॉपीवर जपून ठेवीत.

1995 साली ‘विंडोज 95’ आली आणि चित्रांवर बोट ठेवून काम करण्याची रीत घरोघरी रूढ झाली. तथापि शब्दांच्या आज्ञा लोपल्या नाहीत. आजच्या विंडोज संगणकातही आज्ञा लिहिण्याची खिडकी असते आणि तेथे ‘डीआयआर’, ‘कॉपी’ व ‘डेल’ हे जुने शब्द अजून चालतात. सेवक सांगकाम्या असला, म्हणजे विचार करण्याचे सारे काम धन्याकडे येते. एंटरची कळ दाबण्यापूर्वी लिहिलेली ओळ एकवार वाचून पाहणे, हा त्या कामाचा पहिला धडा होय.

स्वाध्याय

1. चुकीच्या आज्ञेपेक्षा विचार न करता दिलेली बिनचूक आज्ञा अधिक धोक्याची का?
2. फाइल चुकून पुसली गेल्यावर जाणती माणसे हात का थांबवीत?
3. ‘सांगकाम्या’ हा शब्द योजून दोन वाक्ये लिहा.