मालकी झाडांची तोड: कागद गणपतीतच गोळा करा
भातकापणी उरकली की कोकणात लाकडाचे व्यापारी गावोगाव फिरू लागतात. साग, ऐन, किंजळ, खैर अशा उभ्या झाडांचा घाऊक सौदा ठरतो, हातावर थोडी रक्कम पडते आणि "परवानगीचं आम्ही बघतो" या बोलीवर शेतकरी कोऱ्या कागदांवर सह्या करून देतो. हे कृपा करून टाळा. अर्ज तुमच्या नावाने जातो आणि तोडीत गडबड निघाली, तर चौकशीही आधी तुमच्याच दारात येते.

झाड तुमचेच आहे, याबद्दल शंका नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 25 नुसार सरकारने राखून ठेवलेली झाडे वगळता जमिनीतल्या झाडांवर हक्क जमीनधारकाचा. पण ती तोडण्यावर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 चे बंधन आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चंदन यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच आणि जांभूळही आहेत. म्हणजे म्हातारी झालेली आंब्याची बाग काढून नवी कलमे लावायची असली, तरी आधी परवानगी घ्यावी लागते. आजोबांनी लावलेले झाड आणि आपोआप रुजलेले झाड यांत कायदा फरक करत नाही. कष्टाने लागवड करणाऱ्यावर हा अन्याय आहे असे मला वाटते, पण आज नियम हा आहे.

खरी अडचण सातबाऱ्यावर असते. कोकणात एकेका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे सहज सापडतात. काही वारलेल्यांची, काही लग्न होऊन गेलेल्या बहिणींची, उरलेली मुंबईकरांची. सहहिस्सेदारांची संमती नसेल तर प्रकरण तिथेच अडते आणि तोडीचा हंगाम निघून जातो. चाकरमानी गणपतीला घरी असतात तेव्हाच संमतीपत्रे लिहून घ्या. वारसनोंद राहिली असेल, तर तलाठ्याकडे तिचा अर्जही त्याच आठवड्यात टाका. आणेवारीने वाटणी झाली असली, तरी झाडे कोणाच्या हिश्शात येतात हे कागदावर यायलाच हवे. तोंडी वाटणी भांडणाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

त्याच उताऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. तिथे 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याचा शेरा किंवा सिंधुदुर्गात वनसंज्ञेची नोंद असेल, तर नेहमीच्या अर्जाने काम भागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशानंतर, मालकी कोणाचीही असो, नोंदीला वन असलेल्या जमिनीला वन संवर्धन कायदा लागतो. अशा जमिनीवर सौद्याची बोलणीसुद्धा करू नका. आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांनी व्यापाऱ्याशी परस्पर व्यवहार न करता जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच विक्री करावी.

आता प्रत्यक्ष तोड. शेजारी सरकारी जंगल असेल, तर आधी हद्द कायम करून घ्या. झाडांची यादी स्वतः करा: जात, छातीच्या उंचीवरचा घेर, सर्व्हे नंबर. वनपाल पाहणीला येतील तेव्हा ही यादी घेऊन बरोबर फिरा. वनखात्याच्या हातोड्याची खूण बुंध्याशीही उठवली आहे ना, ते वाकून पाहा. तोडताना करवत त्या खुणेच्या वरून चालली पाहिजे. खुंटावर खूण राहिली नाही, तर कोणते झाड परवानगीतले आणि कोणते बाहेरचे हे सिद्ध करणे जड जाते. खूण नसलेल्या झाडाला हात लावू देऊ नका, मजूर कितीही म्हणोत की "हे एक वाटेत येतंय". परवानगीत पुन्हा लागवडीची अट असते, तीही पाळा.

तोडीची परवानगी म्हणजे वाहतुकीची परवानगी नव्हे. पास हातात नसताना ओंडके गाडीत भरू नका. ज्या जाती अनुसूचीत नाहीत, त्यांच्या वाहतुकीचा नियमही वनक्षेत्रपाल कार्यालयात आधी विचारून घ्या. बांबूला मात्र, 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळल्यापासून, पुष्कळ मोकळीक मिळाली आहे.

यंदा नवी लागवड केली असेल, तर तिची नोंद आत्ताच करा. ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. केंद्राने जून 2025 मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी राज्यांना नमुना नियम पाठवले, त्यांचा सगळा भर लागवडीच्या आगाऊ नोंदणीवरच आहे. रोप गुडघ्याएवढे असताना केलेली नोंद आणि काढलेला फोटो सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवा. तोडीच्या वेळी अर्ज कदाचित तुमची मुले करतील, आणि लागवड आपलीच हे दाखवायला त्यांच्याकडे तेवढाच पुरावा असेल.