घाटाखालची जुनी मोटार

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कर्जतजवळ, राजमाचीच्या डोंगराखाली कोंडाणे नावाचे गाव असून तेथील बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहेत. पावसाळ्यात या लेण्यांच्या तोंडावरून पाण्याची धार कोसळत असते. दगड हे पाणी सोसतो. लोखंडाला मात्र ते सोसत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागातील हवा इतकी दमट होते, की कोपऱ्यात ठेवलेला कोयता किंवा दाराचे कुलूपदेखील तांबूस होऊन जाते. अशा प्रदेशात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटार चालती ठेवावयाची, म्हणजे पाण्याशी रोज सामना करावयाचा.

तरीही हा सामना हौसेने करणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. कोणाकडे आजोबांनी घेतलेली फियाट असते, कोणी भंगारात निघालेली जीप विकत घेतलेली असते. सुटीच्या दिवशी हे लोक जुने कपडे घालून, हाती पाना व चिंध्या घेऊन गाडीखाली शिरतात आणि संध्याकाळी काळ्या हातांनी बाहेर येतात. त्यांतले कितीएक जण व्यवसायाने शिक्षक, डॉक्टर किंवा कारकून असतात. जे काम मेकॅनिक पोटासाठी करतो, ते हे लोक आवडीसाठी करतात. आणि अडले म्हणजे त्याच मेकॅनिककडे शिकावयास जातात.

या हौशी लोकांच्या विशेष आवडीची गाडी महाराष्ट्रातच तयार होत असे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे फियाट ११०० ही मोटार बनू लागली. पुढे १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणून हीच गाडी कित्येक वर्षे धावली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून निघून गेली. आता ही गाडी उरली आहे ती मुख्यतः हौशी लोकांच्या अंगणात.

घरच्या घरी दुरुस्त करण्यास ही गाडी फार सोयीची. आजच्या मोटारीत इंजिनाचा बराचसा कारभार संगणक पाहतो. तो बिघडला, तर दोष शोधण्यास दुसरे यंत्र जोडावे लागते. पद्मिनीचे बॉनेट उघडले, की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि पान्याने सुटतो. पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे पडते, पाणी कोठून फिरते, हे बोटाने दाखविता येते. यंत्र समजून घेण्याची इच्छा असलेल्या मुलाला यापेक्षा चांगली शाळा क्वचितच मिळेल.

गाडीचा पहिला शत्रू गंज. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू यांचा संयोग झाला, की गंज तयार होतो; आणि तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली गंज धरला, तर रंगाला फोड येतो. नवशिका मनुष्य त्या फोडावर नवा रंग लावून समाधान मानतो. परंतु आतला गंज आपले काम चालूच ठेवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे बोट आरपार जाईल एवढे भोक पडलेले आढळते. अनुभवी मनुष्य प्रथम तारेच्या ब्रशाने फोड खरवडतो. मग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काचकागदाने घासतो. त्यानंतर पत्रा कोरडा करून त्यावर गंजरोधक तांबडा हात देतो आणि मगच रंग लावतो. यांतले घासण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे; पण रंग टिकतो तो त्याच्याच बळावर.

तथापि खरा धोका दिसणाऱ्या ठिकाणी नसतोच. दाराच्या काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी फटीतून दाराच्या पोकळीत उतरते. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. या भोकांत धूळ व पालापाचोळा अडकला, की पाणी आतच साचून राहते आणि दार आतून कुजू लागते. बाहेरून गाडी आरशासारखी चमकत असताना आतला पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. चाकांच्या वरच्या कमानीत चिखलाचे थर बसतात व ते आठवडेच्या आठवडे ओले राहतात. पायाखालच्या चटया ओल्या राहिल्या, तर त्यांखालचा पत्रा सडतो. म्हणून जाणकार मनुष्य जुनी गाडी पाहावयास गेला, की तिच्या रंगाकडे न पाहता आधी चटई उचलतो! पावसाळ्यापूर्वी दाराची भोके पातळ काडीने मोकळी करणे, खालची बाजू पाण्याच्या धारेने धुऊन पूर्ण वाळविणे, ही कामे ज्याने केली, त्याने निम्मी लढाई जिंकली. काही लोक गाडीवर मेणकापड घट्ट बांधून निश्चिंत होतात. पण त्याने ओल आत कोंडून राहते आणि व्हायचे ते नुकसान अधिकच होते. गाडीवर छप्पर असावे व तिच्याभोवती वारा खेळावा, हे उत्तम.

इंजिनाची साफसफाई हे अधिक नाजूक काम आहे. स्पार्क प्लग काढून पाहिला, तर तो इंजिनाची प्रकृती सांगतो. वैद्य रोग्याची जीभ पाहतो, तसाच हा प्रकार. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक होत आहे. ते काळ्या काजळीने माखले असेल, तर पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे. ते तेलकट असेल, तर इंजिनातील तेल वर चढत आहे. पांढरे पडले असेल, तर इंजिन फाजील तापत आहे. प्लगच्या दोन टोकांमधील अंतर साधारणतः अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते, आणि ते पातळ पात्यांनी मोजून नेमके ठेवावे लागते. कार्बुरेटरमध्ये तर याहूनही बारीक भोके असतात. हवेत मिसळण्यासाठी पेट्रोल त्यांतून मोजून सोडले जाते. एखादा कण अडकला म्हणजे गाडी गचके खाऊ लागते. अशा वेळी भोकात तार घालण्याचा मोह होतो. पण मऊ पितळेचे ते भोक तारेने किंचित मोठे झाले, तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. म्हणून ते हवेच्या झोताने साफ करतात. सुटे केलेले भाग ज्या क्रमाने निघाले, त्या क्रमाने स्वच्छ कापडावर मांडून ठेवण्याची रीत आहे. ही रीत न पाळणाऱ्याजवळ गाडी जोडून झाल्यावर दोन-चार स्क्रू हमखास उरतात.

अशा रीतीने सिद्ध केलेल्या गाडीची परीक्षा होते ती बोरघाटात. मुंबई-पुणे रस्ता खालापूर तालुक्यातून खोपोलीला येतो आणि तेथून घाट चढू लागतो. हा गाडीरस्ता इंग्रजांच्या अमदानीत १८३० साली खुला झाला. घाटाची वाट एका धनगराने दाखविली अशी लोककथा असून त्याच्या नावाचे शिंग्रोबाचे देऊळ जुन्या रस्त्यावर आहे. येणारे-जाणारे वाहनचालक तेथे नाणे वाहतात. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांची रहदारी मुख्यतः याच जुन्या रस्त्याने होत असे. त्या काळी उन्हाळ्याच्या दिवसांत बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या असलेल्या मोटारी हे घाटातले नेहमीचे दृश्य होते.

गाडी घाटात का तापते? चढावर इंजिनाला अधिक काम पडते, म्हणून उष्णता अधिक निर्माण होते. उलट गाडी सावकाश चालत असल्यामुळे समोरून रेडिएटरवर येणारा वारा कमी पडतो. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी होय. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी तीतून जाताना वाऱ्याने निवते. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले असेल, तर ज्या क्षारांनी घरातील पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, त्याच क्षारांनी या नळ्या अर्ध्या बुजून गेलेल्या असतात. मग पंखा फिरत असूनही पाणी उकळते. म्हणून हौशी लोक दरवर्षी रेडिएटर रिकामा करून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुतात आणि गंज न धरणारे तयार द्रव त्यात भरतात. पाणी उकळू लागल्यास रेडिएटरचे झाकण लगेच उघडणे अत्यंत धोक्याचे असते. आतील पाणी कुकरमधल्या पाण्याप्रमाणे दाबाखाली असते. झाकण फिरवताच ते वाफेसह उसळून तोंडावर व हातांवर येते. घाईपायी अशा रीतीने भाजून घेतलेली माणसे थोडी नाहीत. गाडी सावलीत उभी करून इंजिन निवेपर्यंत थांबणे, हाच एक मार्ग आहे.

कधी पाणी शाबूत असूनही गाडी एकाएकी बंद पडते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतील पेट्रोलचीच वाफ होते. पंप हा द्रव ओढण्यासाठी केलेला असल्याने वाफेपुढे तो निरुपयोगी ठरतो. यावर जुन्या चालकांनी एक साधा उपाय शोधला होता. ते एक फडके पाण्यात भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळीत. फडक्यातले पाणी वाळताना पंपाची उष्णता घेऊन जाते, जशी ती माठातील पाणी गार करताना नेते. थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू होते. ज्या पाण्याने पत्रा खाल्ला, तेच येथे गाडीला वाचवते.

घाट चढण्यापेक्षा उतरणे अधिक कठीण आहे. ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असते, त्याला हवेतील ओल शोषून घेण्याची खोड आहे. उतारावर सारखा ब्रेक दाबल्याने चाकांतील भाग अतिशय तापतात, त्या ओलेची वाफ होते आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. यासाठी हे तेल ठरावीक मुदतीने बदलतात, आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे इंजिनच तिला धरून राहते. ब्रेकचे काम मात्र बहुतेक हौशी लोक स्वतः पुरे करीत नाहीत. कसबी कारागिराकडून ते तपासून घेतात, आणि ते योग्यच आहे. रंग बिघडला तर फक्त मालकाला वाईट वाटते. ब्रेक बिघडला तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव जातो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती फुंकून न उडवता ओल्या कापडाने पुसून घेतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, हा नियम तर या छंदातील पहिला धडा समजला जातो. जॅक घसरतो, म्हणून गाडीखाली भक्कम आधार देऊनच माणूस आत जातो.

इंजिनातून काढलेले जुने काळे तेल हा एक निराळाच प्रश्न आहे. पूर्वी ते सर्रास कुंपणाशी किंवा ओढ्याच्या काठी ओतून देत असत. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून खाली वाहत जाते व पुढच्या अनेक गावांना आणि शहरांना पाणी पुरवते. या भागातले ओढे शेवटी तिलाच मिळतात. आता जाणते लोक हे तेल डब्यात साठवून, वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याकडे देतात.

सुटे भाग मिळविणे ही एक वेगळीच मौज असते. जे भाग कारखान्यात बनत नाहीत, ते मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात शोधावे लागतात. एका दिव्याच्या काचेसाठी तेथे चार-चार खेपा घालणारे लोक आहेत. बाजारात तसाच दिसणारा नवा भाग स्वस्तात मिळत असताना हे कशासाठी, असे कोणासही वाटेल. पण गाडीचे मूळ रूप जपण्यातच त्यांना समाधान असते. सरकारनेही या गोष्टीला मान दिला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी मोटारींची स्वतंत्र नोंदणी होते व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशा मोटारी रोजच्या वापरासाठी काढता येत नाहीत. प्रदर्शन, जुन्या मोटारींची रॅली, देखभाल अशा ठराविक कारणांसाठीच त्या रस्त्यावर येतात.

पाऊस ओसरला आणि दसरा आला, म्हणजे या गाड्या बाहेर निघतात. आदल्या दिवशी त्या धुऊन, पुसून, मेण लावून चकाकविलेल्या असतात. सकाळी पूजा होते. झेंडूचा हार मात्र मालक बॉनेटवर पसरू देत नाही. ओल्या फुलांचा डाग तापलेल्या रंगावर उमटतो, हे त्याला ठाऊक असते. हार पुढच्या जाळीला बांधला जातो, कुंकवाचे बोट काचेवर लागते. मग घरातील मुले मागच्या आसनावर दाटीवाटीने बसतात, पाण्याने भरलेला डबा व एक जुने फडके त्यांच्या पायांशी ठेवले जाते, आणि गाडी खोपोलीच्या दिशेने निघते.