पैऱ्याला आलेला माणूस

अगं, त्यात रडायचं काय? ‘अहो, तरवा इकडं द्या’ एवढंच तर म्हणालीस. गुडघाभर चिखल, वरून पावसाची झोड, डोक्यावर खोळ, आणि पलीकडच्या बांधाला पाठमोरा वाकलेला एक गडी. तेवढ्या एका क्षणापुरतं तुझं साल वेगळं होतं, बस. लावणीच्या बायका हसल्या नाहीत. तो माणूससुद्धा मुकाट्यानं पेंढी टाकून पुढच्या वाफ्यात गेला. आणि तू मात्र रात्री अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन मला फोन करतेस, ‘आक्का, मला वेड लागलंय का?’

नाही लागलेलं. दाजींना जाऊन तीन पावसाळे झाले, तरी तिन्हीसांजेला गाडीचा आवाज आला की तू दाराकडं बघतेस हे मला ठाऊक आहे. वेल्समध्ये डेवी रीस नावाचा एक डॉक्टर होता. त्यानं आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना भेटून हेच विचारलं आणि १९७१ मध्ये ते छापलं. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा भास झाला होता. कुणाला दिसला, कुणाला ऐकू आला, कुणाला नुसता वावर जाणवला. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरला तर एकानंही नाही. बऱ्याच जणांना मात्र त्याचा आधार वाटत होता. आपल्याकडं एवढं मोजायची गरज पडत नाही. रक्षाविसर्जनाला नैवेद्य ठेवला, कावळा शिवेना, तेव्हा तुझ्या सासूबाई हात जोडून सगळ्यांसमोर त्याच्याशी बोलल्याच की. ‘पोरीला आणि नातवाला वाऱ्यावर सोडणार नाही’ म्हणाल्या, तेव्हा कुठं कावळा खाली उतरला. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. सासूबाईंनी दिलेला तो शब्द लक्षात ठेव, मी पुढं त्यावर येणार आहे.

तुला खरं छळतंय ते वेगळंच आहे. ‘त्या दिवशी निघू नका म्हणाले असते तर.’ आंब्याला धुकं होतं, घाट उतरून साखरप्याला जायचं होतं, ते जेवून निघाले आणि तू डबा घासत होतीस. दहा मिनिटं थांबवलं असतंस तर तो ट्रक पुढं निघून गेला असता. तीन वर्षं तू तीच दहा मिनिटं परत परत जगतेस. जयंत नारळीकरांची गोष्ट वाचलीस का गं, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’? नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, १९३८ साली. त्या गोष्टीत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकचा धक्का बसून अशा एका जगात जाऊन पडतात, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. फरक केवढासा? विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, एवढाच. मुंबईसुद्धा वेगळी दिसते त्यांना. मला त्या गोष्टीतलं विज्ञान फार कळत नाही, पण एक पटलं. तिकडं जाऊन आलेल्या माणसाला तिकडं ठाण मांडून राहता येत नाही. त्या जगात त्याची खुर्ची नसते. तुझ्या त्या दुसऱ्या दुपारी, जिथं दाजी दहा मिनिटं उशिरा निघाले, तिथं आज सहा वर्षांचा झालेला तुझा पोरगा नाही. तिथला तीन वर्षांचाच आहे अजून. तू जाऊन येतेस तेव्हा एकटीच जातेस.

आता त्या माणसाचं. तुला तो आवडतो, हे तू न सांगता मला कळलंय. नुसता पैऱ्याला आलेला असता तर ‘भात लावून संपलं’ एवढं सांगून फोन ठेवला असतास. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मलकापुरात शिलाईचं दुकान आहे, स्वतःचं रान थोडं आहे, लावणीला एकमेकांकडं जायचा रिवाज म्हणून तो तुमच्या रानात उतरला. पैऱ्याचं विचारायला घरीही आला होता म्हणतेस, तेही सासूबाई घरात असताना. चांगलंय.

पण माझा एक प्रश्न आहे, तो तू खोळ उतरवून ऐक. तो पाठमोरा दाजींसारखा दिसतो म्हणून आवडतो, की समोरून दिसतो म्हणून? खांद्याचा उतार, चालायची पद्धत, खाकरणं, असल्या गोष्टींवर जीव बसतो गं, आणि तो सगळा जुना जीव असतो. तशा लग्नात दोन माणसांवर अन्याय होतो. गेलेल्याच्या जागी भलता उभा राहतो आणि आलेल्याला स्वतःची जागाच मिळत नाही. दाजी जेवताना बडबड करायचे, हा गप्प जेवतो म्हणालीस. दाजी पैशाला सढळ, हा वहीत लिहून ठेवणारा. त्या वहीचा तुला राग येतो की हसू येतं? जिथं तो दाजींसारखा अजिबात नाही तिथं तुला तो कसा वाटतो, ते बघ. घाई नाही. भाताला पोटरी यायला अजून अवकाश आहे.

आणि त्याला विचारलंस का कधी, त्याचंही घड्याळ मागं जातं का म्हणून? त्यानंही एखाद्या संध्याकाळी दोन ताटं घेतली असतील. तुझ्या ‘अहो’वर तो दचकला नाही, मुकाट्यानं पेंढी टाकली. मला तर वाटतं त्याला त्यातलं सगळं कळलंय.

तुला कर्व्यांची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या घाटाखालचीच आहे. आंबा उतरलं, साखरपा मागं टाकलं की देवरुख. तिथल्या जोशांची गोदूबाई आठ वर्षांची असताना विधवा झाली. लग्नाला काही महिनेही झाले नव्हते. पुढं भावानं, नरहरपंतांनी, तिला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला घातलं. नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे. त्यांची पहिली बायको राधाबाई १८९१ मध्ये गेली, मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. लोक कुमारिका सांगून येत होते. कर्वे म्हणाले, करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न लागलं आणि कर्व्यांच्या गावानं, मुरुडनं, त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाईंची आनंदीबाई झाली, मग सगळ्यांची बाया. बायांनी पुढं ‘माझे पुराण’ लिहिलं. भारतरत्न मिळालेले महर्षी सगळ्यांना ठाऊक असतात. पण मला त्यात दिसतो तो नऊ वर्षांचा आई गेलेला मुलगा आणि त्याच्या घरात पाऊल टाकणारी, स्वतःचं बालपण कधीच संपलेली बाई. दोघांनाही कुणी ‘विसर’ म्हटलं तर कसं विसरणार? तुझ्या पोराबद्दल तू काळजी करतेस ना, तर एवढंच कर. त्या माणसाला त्याचा ‘पप्पा’ करायची घाई करू नकोस. काका म्हणू दे. पप्पांचा फोटो भिंतीवर आहे तिथंच राहू दे, हार बदलायचा तेव्हा बदल. फोटो काढायला सांगणारा माणूस असला तर मात्र मला लगेच फोन कर, बाकीचं मी बघते.

गाव काय म्हणेल? गाव म्हणेलच. आपल्या आजीच्या वेळी पाट लावायचे ते रात्री, अंधारात, सवाष्णींनी नवरीचं तोंड बघायचं नाही. शहाण्णव कुळीवाल्यांत तेही नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाची नोंद होईल असा कायदा केला, म्हणजे अंधारातलं लग्न कागदावर आलं. आणि बघ गं काय असतं ते! वर्षभरात, १९१८ मध्ये, त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेला. सून इंदुमती अकरा-बारा वर्षांची. कायदा करणाऱ्या राजाच्याच घरात. महाराजांनी तिचं दुसरं लग्न केलं नाही, सोनतळीच्या कॅम्पवर शिक्षणाची सोय केली, बरोबर शिकायला इतर जातींच्या मुली ठेवल्या. राजवाड्यातून केवढा विरोध झाला असेल. इंदुमतीदेवींनी पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी जन्म घातला. मला कधी वाटतं महाराजांनी लग्नच करून द्यायला हवं होतं. कधी वाटतं, त्या पोरीला त्या वयात नवऱ्यापेक्षा पाटी-पुस्तक जास्त लागणार होतं. हे तुला अशासाठी सांगते की आता आपल्या मावश्या ‘तरणी आहेस, कर, करच’ म्हणून मागं लागतील, आणि त्यांचाही धाक घ्यायचा नाही. नको वाटलं तर नको म्हण. शिलाईवाल्याकडून ब्लाऊज शिवून घे आणि सोड.

तुझ्या बांगड्या फोडल्या त्याचा राग मला अजून आहे. शिरोळ तालुक्यात हेरवाडला त्याआधीच, ४ मे २०२२ ला, ग्रामसभेत ठराव झाला होता की बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. हेरवाड आपल्याच जिल्ह्याचं दुसरं टोक. पण पूर्वेकडचा ठराव पश्चिमेच्या डोंगरात पोचायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी तुला धरून बसलेल्या बायकांतली एकही वाईट नव्हती, हेच जास्त वाईट. त्यातलीच एक परवा तुझ्या कपाळाला टिकली बघून ‘बरी दिसतीस’ म्हणाली ना? माणसं बदलतात, फक्त तोंडानं कबूल करत नाहीत.

आता व्यवहाराचं, कारण भाऊबंद इथंच भीती घालतील. ‘लग्न केलंस तर जमिनीवर पाणी सोडावं लागेल’ असं कुणी म्हटलं तर मान हलवू नकोस. दाजींनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणजे १९५६ च्या वारसा कायद्यानं त्यांच्या वाट्याचे तीन सारखे हिस्से: तू, पोरगा आणि सासूबाई. एकदा तुझ्याकडं आलेला हिस्सा तू पुन्हा लग्न केलंस म्हणून जात नाही. १८५६ चा जो विधवाविवाहाचा कायदा होता त्यात तो जायचा, लोक अजून तेच घोकत बसलेत. तो कायदाच १९८३ मध्ये रद्द झाला. सातबाऱ्यावर वारसनोंद लागली आहे का, तलाठ्याकडं जाऊन स्वतः डोळ्यांनी बघ. दिरानं ‘लावलीय’ म्हटलं म्हणून बसू नकोस. पोराचा हिस्सा पोराच्या नावावर राहतो. तुलासुद्धा तो जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, नव्या माणसाला तर नाहीच नाही. हे त्याला आधीच सांगून टाक, चेहरा कसा होतो ते बघायला बरं. एक गोष्ट मात्र जाईल. दाजींच्या कारखान्याच्या फंडातून विधवा म्हणून जी पेन्शन येते ती लग्नाच्या तारखेपासून थांबते. पण त्याऐवजी पोराच्या नावानं ती अनाथ-पेन्शन म्हणून सुरू होते, तुझ्या पेन्शनच्या ७५ टक्के. आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. आणि लग्न केलंस तर देवळात हार घालून घरी येऊ नका, ग्रामपंचायतीत नोंद करा. त्याला दाजींचा मृत्यूचा दाखला आणि त्याच्या बायकोचाही लागेल. ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवताना तुम्हा दोघांनाही जड जाईल. जाऊ दे. एकत्र जा.

सासूबाईंना मात्र दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. तू सांग, आणि तो पुन्हा घरी यायच्या आधी सांग. ‘मी चालले’ असं नाही, ‘मी काय करू’ असं. कावळ्याला दिलेला शब्द त्यांचा आहे, वाऱ्यावर सोडणार नाही म्हणून. तो शब्द तुला घरात डांबण्यासाठी होता का, हे त्यांनाच ठरवू दे. मला वाटतं त्या रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी विचारतील की त्याला नाचणीची भाकरी चालते का. मुलगा त्यांचाही गेलाय. त्यांचंही घड्याळ मागं जातं, फक्त त्यांना पुढचं काही सांगून येत नाही. लग्नानंतर त्या कुठं राहणार, कुणाच्या हातचं खाणार, औषधाला कोण नेणार, हे तू आधी ठरव आणि तो माणूस त्यावर काय म्हणतो ते नीट ऐक. तुझ्या डोळ्यांबद्दल तो काय म्हणतो यापेक्षा हे महत्त्वाचं.

त्या ‘अहो’चंही त्याला सांग. चुलीकडं तोंड करून नको, समोर बसून सांग की ते तुझ्यासाठी नव्हतं, आणि पुढंही कधी कधी नसेल. लग्नाला दहा वर्षं झाली तरी एखाद्या आषाढात असं होईल. चालत असेल तर बघू म्हणावं.

रविवारी मी सकाळच्या एसटीनं येतेय, मलकापूरला उतरेन. दाखले, सातबारा आणि फंडाचं पासबुक काढून ठेव. पासबुक सापडत नाही म्हणालीस ना, ते दाजींच्या पावसाळी जर्किनच्या आतल्या खिशात बघ. तीन वर्षं तू त्या जर्किनला हात लावलेला नाहीस. नसेल होत तर राहू दे, मी आल्यावर दोघी मिळून बघू.