मन मोकळे करणारी रोजनिशी

मनातले बोलून टाकले की हलके वाटते, हा सर्वांचाच अनुभव आहे. पूर्वी त्यासाठी ओटा होता, पार होता. आज जिवाभावाचे मित्र नोकरीनिमित्त चार गावी विखुरलेले असतात. अशा वेळी फोनवर किंवा संगणकावर रोजनिशी लिहून ती मोजक्या मित्रांना वाचू देणे, हा एक चांगला उपाय आहे.

लिहिण्याने खरोखर फायदा होतो का? १९८६ साली जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, दररोज १५ मिनिटे, आयुष्यातील दुःखद प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. घटना आणि त्यामागील भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांचे मन काहीसे उदास होत असे. तेव्हा पहिल्याच दिवशी बरे वाटेल, अशी अपेक्षा धरू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे लिखाण मित्रांना दाखवण्यासाठी नव्हते. कोणी वाचणार म्हटले की आपण बरे दिसेल तेवढेच लिहितो आणि सल मनातच राहतो. म्हणून सुरुवात अशी करावी :

१. आधी फक्त स्वतःसाठी लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. १५ मिनिटे पुरेत.

२. एक रात्र जाऊ द्या. सकाळी वाचून त्यातले मित्रांना सांगण्याजोगे तेवढेच वेगळे काढा. रागाच्या भरात लिहिलेले लगेच पाठवू नका.

३. वाचणारे दोन-चारच असावेत. ‘सल्ला नको, फक्त वाचा’ किंवा ‘सवडीने फोन कर’, हे स्पष्ट लिहावे.

४. दुसऱ्याचे आजारपण, घरातील भांडणे, तपासण्यांचे कागद यांत घालू नयेत. पाठवलेला मजकूर पुढे कोठे जाईल, यावर आपला ताबा राहत नाही.

५. अंथरुणात फोन घेऊन लिहू नका. उत्तराची वाट पाहण्यात झोप जाते. संध्याकाळची वेळ उत्तम.

तेच दुःख रोज उगाळले जात असेल आणि लिहून मन अधिकच जड होत असेल, तर लिखाण काही दिवस थांबवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक न लागणे, कशातच रस न वाटणे ही लक्षणे असल्यास डॉक्टरांना भेटावे. चालू औषधे रोजनिशीच्या भरवशावर बंद करू नयेत.

मित्राच्या नोंदीत ‘जगण्यात अर्थ नाही’ अशा आशयाचे काही आढळले, तर उत्तर लिहीत बसू नका. ताबडतोब फोन करा, शक्य तर घरी जा आणि त्याला एकटे सोडू नका. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तेथे रात्रंदिवस सल्ला मिळतो. हा क्रमांक आजच रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.