तुर्भ्याची जमीन बदलताना

जमीनवापराचे नकाशे करणं हा माझा व्यवसाय. निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रासायनिक कारखान्यांचा जांभळा पट्टा आता झपाट्याने बदलतो आहे. गोदामं, आयटीच्या इमारती, डेटा सेंटर; तुर्भे स्टेशनजवळ २०२० च्या डिसेंबरात आयकियाचं भलंमोठं दुकानही उघडलं. या जमिनींचं पुढे काय करायचं, यावर मी अनेक बैठकांत बसले आहे. पण त्या बैठकांपेक्षा तुर्भ्याच्या रस्त्यांनी मला जास्त शिकवलं.

१. शेड बंद म्हणजे काम बंद, असं धरू नये.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या या पट्ट्यात नोसिल, हर्डिलिया, स्टँडर्ड अल्कली अशी नावं रुजली. मोठे कारखाने आटले, तशा त्यांच्या आसपासच्या शेडही कागदोपत्री 'बंद' झाल्या. प्रत्यक्षात अशा शेडमध्ये पत्र्याचे कप्पे पाडलेले असतात. एकात लेथ, दुसऱ्यात पॅकिंग, तिसऱ्यात छपाई. हे फाइलीत सापडत नाही. म्हणून सर्व्हेला निघालेल्या मुलांना मी आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे पाठवते. दुपारी तीन वाजता कुठल्या गेटातून किती कटिंग मागवतात, हे त्याला तोंडपाठ असतं. 'रिकामी जमीन' हा शब्द त्यानंतरच वापरावा. त्या कप्प्यांत राबणारी माणसं टॉवरच्या जाहिरातीत कुठेच नसतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

२. माणसं जिथून रस्ता ओलांडतात, तिथे योजना सुरू होते.

पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी तुर्भे स्टोअर, हनुमान नगर, इंदिरा नगर. दगडखाणींत आणि कारखान्यांत मजुरी करणाऱ्यांनी वसवलेल्या या वस्त्या. पश्चिमेला रेल्वे, सेक्टर आणि बाजार समिती. मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता, टँकर आणि कंटेनरनी भरलेला.

सकाळी उजाडता उजाडता तिथे उभं राहावं. बायकांचा घोळका दुभाजकापाशी थांबलेला असतो. एका हातात डबा, दुसरा हात टँकरवाल्याला दाखवलेला. कांदा-लसूण निवडायच्या कामावर निघालेल्या एका मावशींना मी विचारलं, "पुलावरून का नाही जात?" त्या म्हणाल्या, "ताई, पूल लांब पडतो. तिकडून फिरून गेलं की पहिली गाडी खाली झालेली असते. मग आम्हाला काम कोण देणार?"

वळशाची ती काही मिनिटं म्हणजे त्यांचा दिवसाचा रोज. हे गणित वाहतुकीच्या अहवालात येत नाही, कारण तिथे गाड्या मोजतात. काँक्रीटचा रस्ता झाला, उड्डाणपूल झाले. गाड्यांचा वेग वाढला आणि पायी ओलांडणं आणखी अवघड झालं. जुन्या कारखान्याच्या भूखंडावर नवं काही मंजूर करताना पहिली अट माझ्या मते हीच असावी: पायवाट जिथे आहे तिथेच, जमिनीच्या पातळीवर, सिग्नलसह सुरक्षित ओलांडण्याची जागा. दुकानात येणाऱ्यांच्या पार्किंगचा विचार त्यानंतर करावा.

३. धंदा हलवायचा तर हक्क आणि घरही हलवावं लागतं.

मुंबईचे घाऊक बाजार इथे आले ते एका रात्रीत नव्हे. कांदा-बटाटा १९८१ मध्ये आला. भाजीपाला आणि फळं १९९६ मध्ये. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट सोडायला व्यापारी सहजी तयार नव्हते. तरी हे स्थलांतर टिकलं. त्याचं मोठं श्रेय मी माथाडींच्या संघटनेला देते. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला होता, त्यामुळे हमालाची नोंद, मजुरी आणि मंडळ हे सगळं खाडी ओलांडून त्याच्यासोबत आलं. कोपरखैरणे आणि घणसोलीत सिडकोने माथाडींसाठी घरं बांधली. शहर वसवताना कष्टकऱ्याचा एवढा विचार झाल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

राहून गेलं ते ट्रकवाल्यांचं. नाशिकहून रात्रभर गाडी हाकून आलेला ड्रायव्हर आजही ट्रकखाली चादर टाकून झोपतो. अंघोळीला टँकरची गळकी तोटी शोधतो. बाजाराच्या जुन्या, धोकादायक झालेल्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा सारखी चालू असते. तिच्यात गाळ्यांची आणि चटईक्षेत्राची भाषा असते. ड्रायव्हरच्या खाटेची आणि न्हाणीघराची गोष्ट कुणी काढत नाही.

४. नियमातला एक शब्द शहर बदलतो.

मुंबईच्या गिरणगावचं उदाहरण तुर्भ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होणार होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली, आणि बागा व घरांच्या वाट्याला तुकडे आले. त्याआधी, १९९६ मध्ये, चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून दाखवला होता. तो बाजूला पडला. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकीच एक कोरिया, ही गोष्ट मला फार लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातही आज एकेक भूखंड सुटा सुटा बदलतो आहे.

५. मातीची तपासणी आधी.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या निर्देशांकात नवी मुंबईचा आकडा ७३.७७ होता, म्हणजे अतिप्रदूषित. रसायनं जिथे वर्षानुवर्षं सांडली तिथे शाळा किंवा घरं उभारण्याआधी माती आणि भूजल तपासलंच पाहिजे. कोपरखैरणेत बंद केलेल्या कचराभूमीवर निसर्ग उद्यान झालं, म्हणजे हे आपल्याला जमतं. जर्मनीत डुइसबर्गला १९८५ मध्ये बंद झालेल्या लोखंडाच्या कारखान्याची बाग केली. विषारी माल तिथल्याच जुन्या बंकरांत बंदिस्त केला आणि भट्ट्या उभ्या ठेवल्या.

६. सुनावणी संध्याकाळी घ्यावी.

तुर्भ्यात एमआयडीसी, सिडको, महापालिका, रेल्वे आणि बाजार समिती अशा अनेकांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. डोंगरातून निघालेला नाला खाडीला मिळेपर्यंत यातल्या कितीतरी हद्दी ओलांडतो, आणि गाळ कुणी काढायचा यावर दर पावसाळ्यात पत्रं फिरतात. सूचना-हरकतींसाठी लोकांना बोलावतात ते सकाळी अकराला, बेलापूरला. त्या वेळी तुर्भे स्टोअर कामावर असतं.

आम्ही एकदा वस्तीतल्या शाळेत संध्याकाळी नकाशा अंथरला. वर्ग भरून माणसं आली. खाणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या एका काकांनी खिशातलं पेन काढून नाल्याची बुजवलेली जुनी वाट दाखवली आणि पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरतं तेही सांगितलं. ती रेघ नकाशात घेतली, आणि तेव्हापासून अशा बैठका आम्ही सातनंतरच ठेवतो.