सरवा वेचणाऱ्या बाया

पीक कापले, पेंढ्या गाडीत भरल्या, तरी रानात चार कणसे मागे राहतातच. ती वेचणे म्हणजे सरवा वेचणे. हे काम कोण करते? ज्याच्या घरी धान्य नाही, तोच. पूर्वी फ्रान्स देशातही असेच होते. तिथल्या अशा बायांचे चित्र एका चित्रकाराने काढले. त्याची ही हकिगत.

त्याचे नाव ज्याँ फ्रांस्वा मिले. तो १८१४ साली ग्रूशी नावाच्या खेड्यात जन्मला. घर शेतकऱ्याचे. आई रानात कामाला जाई, म्हणून आजीने त्याला वाढवले. त्याच्या हाती कुंचला आला तो मागाहून. आधी त्याने बापाबरोबर शेतात घाम गाळला. मग तो शहरात जाऊन चित्रकला शिकला. १८४९ साली त्याने पॅरिस सोडले आणि बार्बिझाँ या खेड्यात बिऱ्हाड केले. घरात पुढे नऊ मुले झाली. पैशाची ओढाताण पाचवीलाच पुजलेली!

१८५७ साली त्याने ‘सरवा वेचणाऱ्या’ हे चित्र पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ठेवले. चित्रात तीन बाया आहेत. दोघी कंबरेत वाकून कणसे वेचताहेत. एकीच्या डोक्याला निळे फडके, दुसरीच्या तांबडे. तिसरी अर्धवट वाकलेली आहे. लांब मागे धान्याच्या गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला मुकादम दिसतो. रास तिकडे, मूठभर कणसे इकडे! आम्ही हे चित्र प्रथम एका पुस्तकात पाहिले, तेव्हा आमचीच कंबर दुखल्यासारखी झाली.

पण पॅरिसच्या पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांना हे चित्र खटकले. १८४८ साली तिथे क्रांती झाली होती. गरिबांची धास्ती श्रीमंतांच्या मनातून गेली नव्हती. त्यांना वाटले, हा आपल्याला गरिबी दाखवून भिववतो.

मिलेचे दुसरे चित्र सांजेच्या प्रार्थनेचे. बटाट्याच्या शेतात नवरा-बायको काम करताहेत. देवळाची घंटा वाजते, तशी दोघे माना लववून उभी राहतात. घंटा ऐकली की आजी सर्वांना काम थांबवून मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायला लावी. ती आठवण त्याने रंगवली. हे चित्र १८६० साली एक हजार फ्रँकला विकले गेले. मिले १८७५ साली वारला. १८८९ साली त्याच चित्राला साडेपाच लाखांहून जास्त फ्रँक मिळाले. पण ते मालकाला, मिलेच्या बायकामुलांना नव्हे. पुढे १९२० साली फ्रान्समध्ये कायदा झाला. चित्र पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळू लागला.

ही दोन्ही चित्रे आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. ज्या बायांकडे कोणी वळून पाहत नव्हते, त्यांना पाहायला आता देशोदेशीचे लोक येतात. मंडळी, कामाने कंबर वाकते, पण त्याने माणूस हलका होत नाही. मिलेने हेच दाखवले.

प्रश्न
१. सरवा कोण वेचते? का?
२. चित्रात मुकादम कुठे आहे? बाया कुठे आहेत?
३. तुम्हांला चित्र काढता आले, तर कोणाचे काढाल?